ग्रिम्सबीनंतर मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर अमोरिमवर अजून कोणाचा विश्वास उरलाय का? (ऑगस्ट २०२५)

देवगडचा_रेड:
गणपतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. थेट विषयावर येतो कारण दोन दिवस डोक्यातून जातच नाहीये. चतुर्थीच्या रात्री वाडीतलं भजन आटपलं, शेवटच्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली आणि साडेबाराला आम्ही चार-पाच जण पडवीत मोबाईल घेऊन बसलो. रेंज एकाच कोपऱ्यात येते, त्यात पाऊस, त्यामुळे सगळे एकमेकांच्या अंगावर. ग्रिम्सबी म्हणजे लीग टू, चौथ्या डिव्हिजनची टीम, म्हटलं तासाभरात निकाल लागेल आणि झोपू. हाफटाइमला आपण ०-२ ने मागे. मग आपल्या म्बुएमोने एक मारला, ८९व्या मिनिटाला मॅग्वायरने हेडरने बरोबरी केली, मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ एवढ्या जोरात ओरडला की आतून काकी बघायला आली. आणि शेवटी पेनल्टीवर ११-१२. कुन्याची किक जिंकवणारी होती ती अडवली गेली, म्बुएमोची बारला लागली, संपलं.

आता हरणं मला सहन होतं, गेल्या सीझनला १५वे आलो तेही सहन केलं. पण कॅमेरा डगआउटकडे गेला आणि तिथे हा माणूस पावसात हातात छोटा बोर्ड घेऊन त्यावरची खेळाडूंच्या जागा दाखवणारी चुंबकं इकडून तिकडे सरकवत बसलेला. दोन गोलने मागे आहोत, पोरं एकमेकांवर हात उडवतायत, आणि मॅनेजर लाइनवर येऊन ओरडत पण नाही. पेनल्टीच्या वेळी तर बघवत नव्हतं म्हणून खाली बसून राहिला. मॅचनंतर म्हणाला की खेळाडूंनी आज मोठ्याने सांगितलं त्यांना काय हवंय. म्हणजे काय? त्याचाच विश्वास उडालाय असं मला दिसलं, आणि त्याचा उडाला तर आमचा कशावर राहणार?

शनिवारी बर्नली आहे, मग इंटरनॅशनल ब्रेक, म्हणजे काढायचा असेल तर वेळ हीच. तुम्हाला काय वाटतं, मनापासून सांगा.

चिपळूणकर_युनायटेड:
काढा. मी भावनेच्या भरात बोलत नाहीये, गेल्या सीझनचे आकडेच बघा, त्याच्या २७ लीग मॅचमध्ये २७ पॉइंट. पूर्ण सीझनला ४२ पॉइंट, १९७४ ला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली त्यानंतरचा सगळ्यात वाईट सीझन. वरून बिलबाओला स्पर्सकडून (टॉटनहॅम) युरोपा लीगची फायनल हरलो म्हणून यंदा युरोपच्या स्पर्धा नाहीत, आणि आता ग्रिम्सबीकडून हरून लीग कप पण गेला. ऑगस्टमध्येच लीग आणि एफए कप एवढंच उरलं.

आणि कारण सगळ्यांना दिसतंय, त्याला सोडून. त्याच्या ३-४-२-१ मध्ये मागे तीन, आणि पुढच्या चारपैकी दोन कडेला, म्हणजे मधे फक्त दोघं. समोरची टीम तीन मिडफिल्डर लावते, तो तिसरा कोणी पकडायचा? सेंटरबॅक पुढे आला तर मागे भोक पडतं, पुढच्या दोघांपैकी एक खाली आला तर वर स्ट्रायकर सेस्को एकटा पडतो, आणि कोणीच नाही गेलं तर तो तिसरा आरामात वळून पास देतो. बरं हे दोघं कोण, तर ३३ वर्षांचा कासेमिरो ज्याला आता एवढी जागा धावून झाकता येत नाही आणि ब्रुनो, ज्याचा जीवच मुळात दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागून खेळायच्या खेळात, तो बॉलच्या मागे निघून जातो आणि मधला रस्ता उघडा. फुलहॅमचा गोल परत लावून बघा, इवोबीने क्रॉस टाकला आणि स्मिथ रो बॉक्समध्ये मोकळा, कोणाचा माणूस होता तो? कोणाचाच नाही. उन्हाळ्यात कुन्या, म्बुएमो, सेस्को मिळून २० कोटी पाउंडच्या आसपास घातले आणि ज्या जागी पाणी गळतंय तिथे एकही माणूस घेतला नाही. त्याच्या आधीच्या क्लबला, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला हीच सिस्टीम चालली, दोनदा लीग जिंकला, मँचेस्टर सिटीला ४-१ ने धुतलं, सगळं मान्य. पण पोर्तुगालमध्ये दर आठवड्याला तुमच्यापेक्षा कमकुवत टीम समोर असते. इथे तसं नाही आणि एवढ्या महिन्यांत एकदा पण वेगळं काही करून बघावंसं वाटलं नाही त्याला.

मिरकरवाडा_२०:
चिपळूणकर भाऊ तुमचं मिडफिल्डचं म्हणणं पटतं पण काढण्याचं नाही.

आधी एक सांगतो, ग्रिम्सबी ग्रिम्सबी म्हणून सगळे जे हिणवतायत ते मला आवडलं नाही. ते मच्छीमारांचं बंदर आहे आपल्यासारखंच. एकेकाळी तिथले ट्रॉलर पार आइसलँडपर्यंत जायचे, १९७६ ला आइसलँडशी भांडण मिटलं आणि तो समुद्र यांना बंद झाला, त्यात गावाचा धंदा बसला तो बसलाच. टीमला मरिनर्स म्हणतात, पब्लिक स्टेडियमला फुगवलेले मासे घेऊन येतं. त्या लोकांनी त्या रात्री पावसात जे केलं ते मी कौतुकाने बघितलं, आपल्या टीमचा राग वेगळा ठेवून.

आता मॅनेजर. तांडेल बदलला म्हणून फुटकी बोट चालत नाही. फर्गी, म्हणजे आपला जुना मॅनेजर फर्ग्युसन, २०१३ ला निवृत्त झाला, त्याच्या जागी मोयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि एक सीझन पण पूर्ण होऊ दिला नाही. व्हॅन गालने एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत घरी. मोरिन्होने युरोपा आणि लीग कप आणला, तो पण गेला. ओले (सोल्शायर) गेला, टेन हागने दोन कप आणले तरी गेला. प्रत्येक वेळी आपण हेच म्हटलं की हा गेला की सुटलो. आणि व्हॅन गालच्या पहिल्याच महिन्यात एमके डॉन्सकडून ४-० ने हरलो होतो याच कपमध्ये, ती पण खालच्या डिव्हिजनची टीम, त्या सीझनला आपण चौथे आलो. म्हणून म्हणतो, एका रात्रीवरून ठरवू नका. त्याला हवे तसे खेळाडू आत्ता कुठे मिळायला लागलेत, निदान डिसेंबरपर्यंत थांबा.

वेंगुर्ल्याचो_झील:
मालक बदलल्याशिवाय काय्येक होवचा नाय, लिवन ठेवा. ग्लेझरांनी २००५ साली क्लब घेतल्यानी तो कर्ज काढून, आणि ता कर्ज क्लबाच्याच डोक्यार घातल्यानी. तेव्हापासून व्याज क्लब भरता. मगे क्लबात नवो भागीदार रॅटक्लिफ इलो, आमका वाटला आता बरा होतला. तेनी टेन हागचो करार जुलैत वाढवल्यान आणि ऑक्टोबरात तेका काढल्यान, तेकाव पैशे आणि अमोरिमाक आणूक स्पोर्टिंगाकव पैशे. आणि थंय कामाक होते त्या अडीचशे जणांका घराक धाडल्यानी, उरलेल्यांचा फुकट जेवाण बंद. गरिबाच्या पोटार पाय देवन असले खेळ करतत तेंका कोण विचारूचो? अमोरिमाक शिव्या घालून माझो राग जावचो नाय.

तेरेखोल_काठचा:
मी बांद्याचा, युनायटेड बघतो पण जीव एफसी गोवात आहे कारण त्यांचं मडगावचं फातोर्डा स्टेडियम आम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. आमच्याकडचं एक उदाहरण देतो. जानेवारी २०२० ला आमच्या क्लबने कोच लोबेराला काढलं, तेही टीम टेबलमध्ये वर असताना. किती लोक भडकले होते विचारू नका, मी पण. मग क्लिफर्ड मिरांडा आला, आपला गोंयचा माणूस, आणि टीम तशीच खेळत राहिली, जमशेदपूरला ५-० ने हरवून लीग शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये गेलेला पहिला भारतीय क्लब आम्ही झालो.

हे कसं जमलं? कारण खेळायची पद्धत क्लबची झाली होती. लोबेरानंतर फेरांडो, मग पेन्या, मग मानोलो, बहुतेक सगळे स्पॅनिश, बॉल आपल्याकडे ठेवायचा हे पक्कं. मधे वाईट सीझन पण आले, २०२१-२२ ला फेरांडो अर्ध्यात सोडून मोहन बागानला गेला आणि आम्ही नववे आलो, फार त्रास झाला. पण नवीन कोच आला की आख्खी टीम विकायची वेळ नाही आली.

युनायटेडचं उलट आहे. व्हॅन गाल बॉल फिरवणारा, मोरिन्हो मागे बसून मारणारा, ओले काउंटरवाला, टेन हाग आणखी तिसरं, आणि आता तीन सेंटरबॅक आणि विंगबॅक. विंगर म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्या पोरांना जागाच नाही, रॅशफर्ड बार्सिलोनाला लोनवर, गार्नाचो बाहेरच्या दारात. अमोरिमला काढा किंवा ठेवा, पण पुढचा माणूस आणताना आपल्याला कसं खेळायचंय हे आधी क्लबने ठरवायला हवं. त्याला आणला तेव्हा त्याची सिस्टीम जगाला माहीत होती, तशा मिडफिल्डशिवाय त्याला बसवणारे कोण ते पण विचारा ना.

दापोलीची_रेड:
सगळं वाचलं. आपला मिडफिल्डर कोबी मेनूबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय.

२० वर्षांचा मुलगा, आपल्या अकॅडमीतला, २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये सिटीविरुद्ध जिंकवणारा गोल त्याचा, त्याच उन्हाळ्यात इंग्लंडकडून युरो फायनल खेळला. आणि यंदा लीगच्या दोन्ही मॅचमध्ये एक मिनिट नाही. ग्रिम्सबीला उतरवला. आता बातम्या येतायत की तो लोनवर जायचं म्हणतोय. माझा विश्वास इथे तुटला, बोर्डवरच्या चुंबकांवरून नाही. मधे दोनच जागा ठेवायच्या आणि त्यात घरचा मुलगा बसत नाही म्हणून त्याला जाऊ द्यायचं हे मला कोणत्याच हिशोबाने पटत नाही.

आणि फर्गीला पण वेळ दिला होता हे आता येईलच कोणीतरी सांगायला, म्हणून आधीच लिहिते. हो, डिसेंबर १९८९ ला आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियममध्ये त्याच्याविरुद्ध बॅनर लागला होता, तीन वर्षं नुसती कारणं देतोय म्हणून. पण तोपर्यंत एका सीझनला तो दुसरा आलेला होता, आणि त्या वाईट दिवसांत पण तो खाली पोरांची आख्खी फळी उभी करत होता, गिग्ज तिथूनच आला. वेळ मागणाऱ्याने त्या वेळात काहीतरी उभारताना दिसायला पाहिजे. मिरकरवाडा दादा, डिसेंबरपर्यंत थांबू म्हणता, पण मेनू गेला तर तो डिसेंबरमध्ये परत येणार आहे का?

मिरकरवाडा_२०:
ताई, मेनूचा मुद्दा बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याला जाऊ दिलं तर मी पण तुमच्या बाजूला.

चिपळूणकर_युनायटेड:
तेरेखोल भाऊ, क्लबने ठरवायला हवं हे शंभर टक्के. पण ठरवणारे जे आहेत त्यांनीच टेन हागचा करार वाढवला होता, त्यांच्या भरवशावर मी बसू शकत नाही. निदान डगआउट तरी आज बदलता येतं.

देवगडचा_रेड:
सगळ्यांचे आभार, एवढं मनापासून लिहिलंत. दापोलीकर ताईंचं वाचून माझं मत पक्कं झालं. शनिवारी साडेसातला बर्नलीविरुद्ध मॅच आहे, त्याआधी टीम जाहीर होईल तेव्हा मी पहिलं मिडफिल्ड बघणार. कासेमिरोच्या बाजूला मेनू असेल आणि ब्रुनो त्याच्या जागी पुढे असेल तर माझ्याकडून अजून थोडा वेळ, मग रिझल्ट काहीही लागो. परत तेच कासेमिरो-ब्रुनो दोघं दिसले तर जिंकलो तरी माझं उत्तर काढा असंच राहील. तेरेखोल भाऊ, विसर्जन झाल्यावर फातोर्ड्याला एखादी मॅच असेल तर कळवा, आमच्या वाडीतले दोघं-तिघं यायला तयार आहेत.