म्हणे, एक शातो पाहिला की सगळे पाहिले

तूरवासी:
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सारांश असा: पॅरिसहून सकाळी सातची बस पकडा, ल्वार नदीच्या खोऱ्यातले शांबोर, शनोन्सो, आंब्वाज हे शातो (म्हणजे गढ्या-राजवाडे) एका दिवसात उरका, रात्री नऊला परत. एक शातो पाहिला की सगळे पाहिले. तेच पलंग, तेच पडदे, तेच लुई.

सहा वर्षं त्याच भागातल्या तूर शहरात राहतेय. पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि शातो दाखवणं हा माझा बिनपगारी जोडधंदा आहे. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

शांबोर काढला फ्रान्स्वा पहिल्याने, 1519 मध्ये. तो काही लुई नव्हता. पलंगांचं म्हणाल तर तेही नव्हते. राजा यायचा म्हटलं की पलंग, गालिचे, भांडी गाड्यांवर लादून यायची आणि तो निघाला की त्याच्यामागे परत. 426 खोल्या, भिंतीतल्या 282 शेकोट्या, 77 जिने, आणि हा बाबा 32 वर्षांच्या कारकिर्दीत तिथे राहिला जेमतेम 72 दिवस! तो भकास मोकळेपणा म्हणजेच शांबोर. पन्नास माणसांच्या घोळक्यात, कानात गाईडची टिकटिक असताना तो जाणवत नाही.

शनोन्सो याच्या अगदी उलट. नदीवर बसवलेलं बायकांचं घर. हेन्री दुसऱ्याने ते दियान द प्वातियेला दिलं, तिने शेर नदीवर पूल बांधून घेतला. 1559 मध्ये राजा भाल्यांच्या खेळात जखमी होऊन मेला, तशी त्याच्या राणीने, कॅथरीन द मेदिचीने, दियानला तिथून हलवलं, बदल्यात शोमोंचा शातो दिला आणि त्याच पुलावर साठ मीटर लांब दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात त्या दालनात इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच सीमारेषा झाली: पुढच्या दाराशी जर्मन, दालनाच्या टोकाचं दार उघडलं की मोकळा मुलूख. यात "तेच पडदे" कुठे आले?

बसमधला माणूस:
ती पोस्ट माझी. नमस्कार.

ताई, तुमचं छान आहे, तुम्ही तूरला राहता. आम्हाला नऊ दिवसांत तीन देश करायचे होते. सोबत एकाहत्तर वर्षांची आई, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायच्या रांगेत. गाडी भाड्याने घेऊन उजव्या बाजूने चालवायची माझी छाती नाही. बस हॉटेलजवळून निघाली, दारात उतरवलं, दारातून उचललं. याला मी सोय म्हणतो, तुम्ही पाप म्हणा.

आणि खरं सांगू? आईला शांबोर आठवतही नाही. तिला शनोन्सोचं स्वयंपाकघर आठवतं. पुलाच्या खांबांच्या पोटात आहे ते. खिडकीतून खाली पाहिलं तर थेट नदी, सामान म्हणे होडीतून यायचं. भिंतीवर तांब्याची पातेली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. आईने एकाच्या आत वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "यांना कल्हई कोण करतं रे?" गाईडला विचारलं तर ती म्हणाली, आपल्याला उशीर होतोय.

तूरवासी:
झालं की! तुमच्या आईने त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला आणि बसने त्याचं उत्तर मिळू दिलं नाही. माझंच म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा बरं मांडलंत.

बसमधला माणूस:
ओढूनताणून जिंकायचं असेल तर जिंका.

गडभटक्या:
माझा आक्षेप वेगळाच आहे. मराठीत सगळीकडे "फ्रान्सचे किल्ले" लिहितात. किल्ला? बुरूज शोभेचे, खंदक शोभेचा, पाण्याचं टाकं नाही, चोरदिंडी नाही. मोठमोठ्या खिडक्यांचा किल्ला असतो का? हे वाडे आहेत वाडे, फार तर महाल. जुलै 2025 मध्ये त्याच पॅरिसमध्ये बसून युनेस्कोने आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ते किल्ले. तिकडे एका दिवसात तीन बघून होतात यातच सगळं आलं. आमच्याकडे एक राजगड चढायला अर्धा दिवस जातो.

तूरवासी:
चढायला लागणाऱ्या दमावर किल्ल्याची प्रत ठरवायची असेल तर माझी इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. ती घ्या यादीत.

आँजे शहरात जाऊन या एकदा. तेराव्या शतकातली तटबंदी, 17 बुरूज, काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांचे. किंवा लोशचा बालेकिल्ला बघा, तो तर अकराव्या शतकातला. शातो म्हणजे दोन्ही, लढाऊ गडही आणि रमणाही. तोफा आल्या, राजे इटलीच्या मोहिमांवरून नव्या कल्पना घेऊन परतले आणि भिंतींना खिडक्या पडल्या.

गडभटक्या:
आँजेचे फोटो पाहिले. बरं. एक किल्ला आहे फ्रान्समध्ये.

अनुस्वार:
ताईंनी "शनोन्सो" बरोबर लिहिलं म्हणून बरं वाटलं, नाहीतर लोक "चेनोन्स्यू" लिहितात आणि आपल्याला वाचावं लागतं. गावाच्या नावाला फ्रेंचमध्ये शेवटी एक अक्षर जास्त आहे, शातोच्या नावाला नाही. उच्चार दोन्हींचा एकच. मात्र "लुई" हे "ल्वी"च्या जवळ जातं.

शिंदेशाही:
तुम्ही सगळे ल्वार-ल्वार करताय. मराठी माणसाने फ्रान्समध्ये एकच शातो बघावा, साव्हॉय प्रांतातल्या शांबेरी शहराचा ब्विसों-रों. कोणाचा? आपल्या डी बॉयनचा! पाटीलबाबांच्या, म्हणजे महादजी शिंद्यांच्या, पदरी राहून कवायती पलटणी उभ्या केल्या, लढायांत पाटण-मेडता गाजवलं, दुआबातल्या जहागिरीचा पैसा घेऊन मायदेशी गेला आणि शातो घेतला. शहरात त्याच्या स्मरणार्थ हत्तींचं कारंजं आहे, 1838 चं. चार हत्ती, पुढचा भागच तेवढा, मागचा नाहीच. गावकरी त्यांना "चार बिनढुंगणाचे" म्हणतात. एका गाईडने तरी हे सांगितलंय का?

अनुस्वार:
"डी बॉयन" नाही हो, "द ब्वान्य".

आणि तो फ्रेंच नव्हताच. 1751 मध्ये शांबेरीला जन्मला तेव्हा साव्हॉय सार्डिनियाच्या राजाकडे होतं. 1792 मध्ये फ्रान्सने घेतलं, 1815 मध्ये सोडलं, कायमचं मिळालं 1860 मध्ये. म्हणजे जन्म आणि मरण दोन्ही फ्रान्सबाहेर.

शिंदेशाही:
परत येऊन तिथे स्थिरावला तेव्हा साव्हॉय फ्रान्समध्येच होतं ना? मग शातो घेतला तो फ्रान्समध्येच. तुमच्याच तारखांनी तुम्ही पडलात.

मल्हारनगरी:
"पाटण-मेडता गाजवलं" इथेच थांबलात? 1793 ची लाखेरीची लढाई कुठे गेली? तिथे याच साहेबाच्या कंपूने तुकोजी होळकरांची फौज कापली. मराठ्यांनी मराठ्यांना. त्या पैशाच्या कारंज्यापुढे जाऊन मी फोटो काढायचा?

शिंदेशाही:
होळकरांकडेही फ्रेंच सरदाराच्या पलटणी होत्याच की त्या लढाईत. हरलात म्हणून तो वाईट. उत्तरेत पानिपतानंतर दबदबा परत कोणी बसवला, ते आधी सांगा.

मल्हारनगरी:
सुरू झालं. दर धाग्यात तुम्ही इथेच येता. उद्या कोणी पुरणपोळीची कृती टाकली तरी तुम्ही महादजींवर आणाल.

तूरवासी:
धागा ल्वारचा आहे हो!

जुनी पेटी:
तुमच्या भांडणात एक बाई राहून गेली. द ब्वान्यने नूर बेगमला, आपल्या हिंदुस्तानी बायकोला, मुलांसकट इंग्लंडला नेलं आणि तिथे 1798 मध्ये सतरा वर्षांच्या फ्रेंच मुलीशी लग्न केलं. हा सत्तेचाळीसचा. बेगम ससेक्समध्ये राहिली आणि तिथेच वारली. तिच्या नावाने कारंजं नाही. शातो बघा जरूर, पण ताईंनी सांगितलेली दियान आणि ही बेगम यांचं नशीब शेजारी ठेवून बघा.

शिंदेशाही:
त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मल्हारनगरी:
पहिल्यांदाच.

निवृत्त कारकून:
दोन पैसे माझेही. आम्ही गेलो ते एका नामांकित ग्रुपबरोबर. गाईडला सगळ्यात जास्त उत्साह कोण कोणाची रखेल हे सांगायचा. आंब्वाजला आठवा चार्ल्स दाराच्या चौकटीला डोकं आपटून 1498 मध्ये मेला, हे तिने तीनदा सांगितलं, दर वेळी हसत. मग "शांबोरचा दुहेरी जिना लिओनार्दो दा विंचीने काढला" हे ठासून. पुरावा आहे का विचारलं, तर "सगळे असंच म्हणतात". जिना मात्र अप्रतिम. मी एका वाटेने चढलो, बायको दुसऱ्या. मधल्या झरोक्यातून एकमेकांना दिसत होतो, भेटलो थेट वर. ती म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही वाटेत आला नाहीत.

पण आंब्वाजच्या बागेत काही समाध्या दिसल्या, अरबी अक्षरं कोरलेल्या. गाईड तिकडे वळलीच नाही. अल्जीरियाचा अमीर अब्द अल-कादिर 1848 ते 1852 तिथे कैदेत होता आणि त्याची कैदेत वारलेली माणसं तिथे आहेत, हे मी घरी येऊन वाचलं. डोकं आपटलेला राजा तीनदा, आणि हे एकदाही नाही.

तूरवासी:
काका, यासाठीच म्हणते, गाईड घ्या पण बस घेऊ नका. तूरहून शनोन्सोला लोकल जाते, अर्ध्या तासाची, आणि स्टेशन शातोच्या फाटकाला लागूनच आहे. पॅरिसहून तूरच्या बाजूला वेगवान गाडी तासा-सव्वातासात येते. एक दिवस, एकच शातो. दुसरा पाहायची हौस असेल तर दुसरा दिवस. व्हीलांद्रीच्या शातोला तर मी फक्त भाजीच्या वाफ्यांसाठी जाते. कोबी रांगोळीसारखे लावलेत. 1906 मध्ये एका स्पॅनिश डॉक्टरने ती वास्तू घेतली आणि बाग नव्याने बसवली.

बसमधला माणूस:
स्टेशन फाटकाशी आहे हे पोस्टवर चिडण्याआधी सांगितलं असतंत तर पोस्ट बदलली असती. लोकलला पायऱ्या किती? सरकता जिना आहे? ल्वारची महती राहू दे, गुडघ्याचं सांगा.

तूरवासी:
शनोन्सोचं स्टेशन म्हणजे एक फलाट आहे, आपल्या नेरळ-माथेरान छापाचं. डब्यात चढायचं उतरायचं तेवढंच. आत गेल्यावर मात्र झाडांच्या लांब रस्त्याने चालायचं आहे, बसने गेलात तरी तो चुकत नाही. बाकी मान्य, ज्याला चालवत नाही त्याला बस वाईट नाही. पण "एक पाहिला की सगळे" हे वाक्य काढा.

बसमधला माणूस:
काढलं. त्याऐवजी लिहिलंय, "एक पाहिला की आई दमते." चालेल?

तूरवासी:
चालेल. आणि कल्हईचं मी विचारून येते, पुढच्या रविवारी पाहुणे आहेतच.

शिंदेशाही:
कोणी शांबेरीला गेलं तर हत्तींचा फोटो टाका. समोरून.

अनुस्वार:
त्यांना दुसरी बाजूच नाही.