मंडळीतली (चर्चमधली) भांडणं: पाळक, प्रचारक, सिस्टर, मिशनरी... तुमचे अनुभव लिहा

चिंचेखालची
सगळ्यांना सलाम. रविवारी उपदेश बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 15 वर होता. पौल आणि बर्णबा, मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं वाजलं की दोघं वेगळे झाले, बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला आणि पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. आमच्या पाळकसाहेबांनी ते दोन मिनिटांत उरकलं, देवाने त्यातूनही चांगलंच केलं म्हणाले आणि पुढे गेले. माझं मन मात्र तिथंच अडकलं.

आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका मिशन कंपाउंडात वाढलो. बाबा प्रचारक, आई बायबलबाई (बायांना बायबल शिकवणारी). मी प्राथमिक शाळेत असताना तेव्हाचे पाळक आणि कमिटीचे सेक्रेटरी यांचं बिनसलं, कारण काय तर कंपाउंडातल्या चिंचेच्या लिलावाचे पैसे कुठल्या खात्यात जमा करायचे. ते वाढत वाढत इतकं गेलं की एका रविवारी चर्चच्या दाराला दोन कुलपं. एक नेहमीचं जुनं पितळी आणि त्याच्या खाली नवं चकचकीत, किंमतीचा कागदही तसाच चिकटलेला. वॉचमन काकांनी घंटा मात्र रोजच्या वेळेला वाजवली. लोक आले, बाया पदर डोक्यावर घेऊन पायऱ्यांवरच बसल्या, आईने एक गीत सुरू केलं आणि तेवढीच उपासना झाली. प्रभूभोजनाचा रविवार होता, भाकर-द्राक्षारसाचं सगळं सामान आत कुलपात.

बाबांची फार ओढाताण झाली. पगाराच्या कागदावर सही एकाची, राहायची खोली दुसऱ्याच्या हातात. दुसरीकडे नोकरीत साहेबाशी वाजलं तर माणूस संध्याकाळी घरी तरी जातो. इथे घर मिशनचं, शेजारी तोच, नळ एकच, आणि रविवारी समोर उभं राहून आशीर्वाद देणाराही तोच. आम्हा पोरांना त्यांच्या पोरांशी खेळायची बंदी होती. पुढे बाबांची बदली झाली, भांडणाचं कुणी कधी नावच काढलं नाही. यावर मोकळं बोललं पाहिजे असं मनापासून वाटतं म्हणून धागा काढला. लिहा. नावं आणि गावं नकोत.

रंकाळा_काठ
दोन कुलपं!! आमच्याकडे पण झालंय पण ते कोर्टात गेलं, नको ते.

कोल्हापूरचं मिशनच भांडणातून उभं राहिलं हे किती जणांना माहितीय? अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब 1846 ला तुमच्या नगरला आले, 1852 ला इकडे. 1854-55 ला बोस्टनहून त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला आले, त्यांचं म्हणणं इंग्रजी शाळांवर खर्च नको, गावोगाव मराठीतून सुवार्ता सांगा, मंडळ्या उभ्या करा. वाइल्डरना शाळा सोडवेनात. बोर्डाशी वाजलं, नगरच्या सहकाऱ्यांशी वाजलं, शेवटी बोर्डाने नातं तोडलं. तरी गडी परत आला आणि बरीच वर्षं स्वतःच्या हिमतीवर काम रेटलं, 1870 ला प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते मिशन आपल्याकडे घेतलं. आमचे आजोबा हे सांगताना वाइल्डरच्या बाजूने असायचे. मला आता वाटतं दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, पण एकमेकांविरुद्ध छापून वाटण्यापर्यंत गेल्यावर ऐकून कोण घेणार

तबला_पेटी
आमच्याकडे पेटी-तबला विरुद्ध कीबोर्ड. कॉयरचे जुने काका ना. वा. टिळकांची भजनं पेटीवरच म्हणणार, तरुण संघाला ड्रमसेट पाहिजे. पाळकांनी एक रविवार यांना एक रविवार त्यांना दिला तर ज्यांचा रविवार नसेल ते येईनातच. माझा भाऊ कीबोर्डवाला आणि माझे वडील पेटीवाले त्यामुळे घरात जेवताना सुद्धा कुणी बोलायचं नाही, आई एकटीच वाढ का वाढ का करत फिरायची. लिहिते नंतर, कुकर लावलाय

चिंचेखालची
@तबला_पेटी अगं पूर्ण कर नक्की, काकूंचं वाचून पोटात कालवलं

सातपुडा
मी लिहू का नको विचार करत होते. लग्नाआधी नंदुरबारकडे एका संस्थेत सुवार्तेच्या टीममध्ये होते. आम्ही चार मुली एका खोलीत, वर एक सिनियर ताई. त्या मला तोंडावर कधी काही बोलल्या नाहीत. पण सकाळच्या प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसले की सुरू, "प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीच्या मनात गर्व आहे, तू तिला नम्र कर, तिला फोनवर वेळ घालवायची सवय आहे, तू तिला सोडव." आणि सगळे आमेन म्हणायचे. मी पण आमेन म्हणायचे, दुसरं काय करणार? प्रार्थनेला उलट उत्तर कसं देणार? माझी आई तेव्हा आजारी होती म्हणून फोन असायचा, ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.
इतकी वर्षं झाली तरी कुणी "आपण यासाठी प्रार्थना करूया" म्हणालं की माझ्या छातीत धस्स होतं. प्रार्थना माझी फार जवळची गोष्ट होती, ती परत मिळायला बराच काळ गेला.

वसईची_वाट
@सातपुडा ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. हे चूक होतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

पाळकाची_सून
सातपुडा, मिठी. मत्तय 18:15 मध्ये स्पष्ट आहे, आधी त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला. आपल्याकडे उलटा क्रम, मंडळीला आधी कळतं आणि ज्याचं त्याला शेवटी.

वसईची_वाट
आमचं कॅथलिकांचं जरा वेगळं. फादरची बदली होते त्यामुळे पॅरिश कौन्सिलशी नाही पटलं तरी लोक म्हणतात थांबा, जातील. सिस्टर लोकांचं कठीण. माझी मावशी कॉन्व्हेंटमध्ये आहे, दवाखान्याचं काम करायची. तिचं आणि दुसऱ्या एका सिस्टरचं औषधांच्या कपाटाच्या चावीवरून बिनसलं तर दोघी वर्षभर एकाच टेबलावर जेवल्या, मीठ पाहिजे तर तिसरीला सांगायच्या. शेवटी नवीन सुपिरियर (मठाच्या प्रमुख) आल्या, त्यांनी दोघींना एकत्र बसवलं आणि आधी प्रत्येकीला फक्त समोरचीचं म्हणणं सांगायला लावलं. स्वतःचं नाही, समोरचीचं. मावशी म्हणते तिथेच अर्धं विरघळलं.
आणि भांडण नवं कुठेय, 1853 ला माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा पोर्तुगीज पाद्रोआदोवाल्यांकडे (पोर्तुगालच्या राजाच्या हक्काखालच्या पाद्र्यांकडे) जाऊ नये म्हणून बिशप हार्टमान स्वतः आत बसून राहिले होते, बाहेर वेढा!!

चिंचेखालची
समोरचीचं म्हणणं सांगायला लावलं हे फार आवडलं.

नगरी_मिसळ
कुठल्या कंपाउंडात होतात तुम्ही? विहिरीजवळ मोठी चिंच होती तेच का? आमची आत्या तिथल्या बोर्डिंगात होती

चिंचेखालची
@नगरी_मिसळ हो विहीर होती :) पण नाव नको लिहूया, मेसेज करते

ग्रंथपाल
पंडिता रमाबाईंचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 1883 ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक आई. पुढे दोघींचं जमेना. रमाबाई त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) प्रश्न विचारायच्या, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं तर हिंदुस्थानातल्या बिशपांचा विरोध. रमाबाईंनी पत्रांतून सरळ सांगितलं की मी माझी सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या ताब्यात देणार नाही. आणि मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे की ती पत्रं सिस्टर जेराल्डीननीच जमवून जपली. स्वतःला टोचणारी पत्रं सुद्धा. म्हणून आज आपल्याला दोन्ही बाजू वाचता येतात. आपल्या मंडळ्यांच्या मिनिट बुकात बघा, भांडणाच्या वर्षाची पानं असतात का.

पाळकाची_सून
नसतात. सासऱ्यांच्या वेळचं रजिस्टर बघितलंय, "चर्चा झाली" एवढंच.

रंकाळा_काठ
अजून एक. श्रीरामपूर (बंगालचं हो, नगर जिल्ह्यातलं नाही). कॅरी, मार्शमन, वॉर्ड हे तीन मिशनरी एका छताखाली एका तिजोरीत राहिले आणि टिकले, 1805 ला मराठीचं व्याकरण काढलं ते हेच कॅरी. पण मागून आलेल्या तरुण मिशनऱ्यांचं मार्शमनशी पटेना, ते कलकत्त्यात वेगळे झाले, इमारती कुणाच्या यावरून त्यांना पाठवणाऱ्या इंग्लंडातल्या सोसायटीशी वाद, 1827 ला फारकत. 1837 ला परत एक झाले तेव्हा कॅरी जाऊन तीन वर्षं झाली होती. हे वाचलं की वाईट वाटतं

सातपुडा
सगळ्यांचे आभार, खरंच हलकं वाटलं. मार्कचं पण लिहिते, पौलाने शेवटी शेवटी तीमथ्याला लिहिलंय की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. माझ्या सिनियर ताईंकडून असं पत्र आलेलं नाही. येईल याची वाट पण बघत नाही आता. पण माझ्या हाताखाली आता मुली आहेत, त्यांना मी आधी विचारते, घरी सगळं बरं आहे ना.

तबला_पेटी
आले. तर शेवटी झालं काय, पेटीवाले काका आजारी पडले आणि नाताळला वाजवायला कुणी नाही. माझा भाऊ त्यांच्या घरी गेला, म्हणाला काका मला पेटी शिकवा. महिनाभर रोज गेला. आता दोन्ही वाजवतो, ड्रमवरून मात्र अजून कुरबुर आहेच. वडील बोलतात आता त्याच्याशी, बहुतेक पट्टी वरची लावलीस म्हणून ओरडायलाच. बरं नगरमध्ये पेटीचे सूर लावून देणारं कुणी आहे का? काकांची पेटी भावाकडे आलीय, दोन सूर बसलेत.

नगरी_मिसळ
आहेत एक, थांब विचारून सांगतो. भाता फाटला नाही ना?