मदत हवी आहे: सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) डेक्सामेथासोनचा पीक (आलेखातला उंचवटा) टिकत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर स्क्वेअर वेव्ह व्होल्टामेट्रीने (व्होल्टेज बदलत नेऊन विद्युतप्रवाह मोजायची पद्धत) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध मोजते आहे. गोळ्यांचं काम छान जमलं. नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन घालवला की रेणूच्या ए-रिंगवरच्या कीटोन गटाच्या क्षपणाचा (इलेक्ट्रॉन घेण्याचा) पीक स्वच्छ दिसतो.

गाडी अडली आहे ती सीरमपाशी. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रथिनं खाली बसवून वरचं द्रावण घेतलं, तरी पहिल्या स्कॅननंतर पीक खाली येतो. अ‍ॅल्युमिनावर पुन्हा घासल्याशिवाय इलेक्ट्रोड ताळ्यावर येत नाही. त्यात रक्तात कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड असतंच, आणि त्याचा कीटोनही तिथेच आसपास क्षपण पावतो. मला खरी धास्ती याचीच आहे.

दर नमुन्याला स्टँडर्ड अ‍ॅडिशन (नमुन्यात औषधाची ठरावीक मात्रा घालून पुन्हा मोजणं) पुरेल, की आधी डायक्लोरोमिथेनमध्ये औषध काढून घ्यावं? सीरमवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा.