नोट्स तिसऱ्यांदा लिहितेय, अभ्यास पुढे सरकत नाही

अबोली:
राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करते. मूळची परभणी जिल्ह्यातली, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसते, पण पान मनासारखं झाल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. समाजसुधारकांच्या नोट्स तिसऱ्यांदा लिहितेय. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, हे झोपेतून उठवलं तरी सांगेन. तरीही सनावळी निळ्या पेनाने, संस्था काळ्या, व्यक्ती हिरव्या. जरा खाडाखोड झाली की पान फाडते. यात अकरा दिवस गेले. भूगोल, अर्थव्यवस्था अजून उघडलेलं नाही. रविवारच्या टेस्टला १०० पैकी ६४ प्रश्नच झाले, त्यातले ५२ बरोबर. उत्तर माहीत असलं तरी उरलेले तीन पर्याय का चुकीचे, ते तपासत बसते. रोज रात्री बाबांचा फोन येतो, "किती झालं?" वरवरचं वाचायचं नाहीये मला. पण वेग कसा आणू?

कासव:
ताई, आधी तुझा हिशेब मांडू. प्रश्नाला दोन गुण, ५२ बरोबर म्हणजे १०४ गुण. १२ चुकले, प्रत्येकी अर्धा गुण कापून ६ गेले. झाले ९८. अचूकता चांगलीच आहे, पण ३६ प्रश्नांपर्यंत तू पोचलीच नाहीस. त्यात अगदी सोपे दहा असतील तर २० गुण तसेच राहिले. दोन तासांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ७२ सेकंद. मी पहिल्या फेरीत वाचताक्षणी येणारे तेवढेच सोडवतो, अडलेल्यापुढे टिंब देऊन पुढे जातो. माझी दोनदा पूर्व गेली, ती पहिल्या तीस प्रश्नांत रेंगाळल्यामुळेच.

रानजाई:
वेगाचं पटतं, पण काटेकोरपणा सगळीकडे सोडू नकोस. राज्यघटनेत तो लागतोच. राज्य निवडणूक आयोग कलम २४३-के, राज्य वित्त आयोग कलम २४३-आय. पर्यायांत नेमकी हीच अदलाबदल करतात. तिथे दोनदा तपास. समाजसुधारकांचं मात्र तुला येतंय, मग पुन्हा उतरवायचं कशाला? वही मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिही. जे सुटेल तेवढंच वहीत लाल पेनाने. कागद नंतर टाकून दे, तो सुंदर असायची गरज नाही. आणि नवा विषय उघडण्याआधी त्याचे मागच्या पाच वर्षांचे प्रश्न वाच. किती खोल जायचं ते त्यावरूनच कळतं, नाहीतर प्रत्येक ओळ महत्त्वाची वाटते.

सातमाळा:
सीसॅटलाही, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरलाही, असंच करतेस का? तिथे ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ गुण मिळवून पात्र व्हायचंय. एका उताऱ्यात पंधरा मिनिटं घालवू नकोस.

अबोली:
रानजाई ताई, दुपारी करून पाहिलं. चाळीस मिनिटांत आठवून झालं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं १८८४ आणि आणखी दोन गोष्टी सुटल्या, बास. अकरा दिवस मी येत असलेलंच लिहीत होते, हे बघून रडू आलं. वहीतलं खाडाखोडीचं पान तसंच ठेवलंय. संध्याकाळी भूगोलाचे जुने प्रश्न काढले.

कासवदादा, प्रश्न सोडत गेल्यावर ओएमआरवर, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेवर, क्रमांक चुकला तर? फार भीती वाटते. गोळे शेवटी भरता का?

कासव:
शेवटी अजिबात नाही. एक पान संपलं की त्या पानावरचे भरायचे, आणि भरताना प्रश्न क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणायचा. येत्या रविवारच्या टेस्टलाच करून बघ, आणि किती प्रश्न झाले ते इथे लिही.