मदत हवी आहे: किडनीच्या पेशंटने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

विषय अवघड जागेचा आहे, म्हणून नेहमीचा आयडी सोडून नवा काढलाय. सांभाळून घ्या.

वय ३९. आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळण्यांना सूज आणणारा आजार), मध्यंतरी स्टिरॉइडचा कोर्स झालेला. सध्या क्रिएटिनिन ३.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) २५, हिमोग्लोबिन १०.४ आणि त्यासाठी एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं औषध) चालू. डायलिसिस अजून नाही. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा १४५-१५०च्या खाली येत नाही.

बरेच महिने अंगात जीवच नाही. जिना चढताना मांड्या भरून येतात, जेवण झालं की आडवं व्हावंसं वाटतं, आणि नवरा-बायकोच्या संबंधांची इच्छाच राहिलेली नाही. बायको काही बोलत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना आई हट्टाने सोबत येते आणि फाइल मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसते. तिच्यासमोर हा विषय काढणार कसा?

शेवटी पुरुषांच्या तक्रारी बघणाऱ्या एका क्लिनिकात गेलो. त्यांनी टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासायला सांगितलं. ऑफिसातून येता येता संध्याकाळी रक्त दिलं, १७८ आलं. रिपोर्टवर नॉर्मल ३००च्या पुढे छापलंय. डॉक्टर म्हणाले, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, आणि ते कायमचं. किडनीचं सांगितलं तर म्हणाले, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही." तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली.

इंजेक्शनने किडनी आणखी बिघडेल का? कोणी घेतलंय का? मुलगी पाच वर्षांची आहे, दुसऱ्याचा विचार अजून सोडलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

रानवाटा:
आमच्या गावाकडच्या वैद्यांचं शुद्ध शिलाजित आणि एक भस्म आहे. माझ्या मेव्हण्याला गुण आला. पत्ता हवा तर व्यनि करा.

मनगटी:
रानवाटा, मेव्हण्याची किडनी शाबूत असेल हो. ईजीएफआर २५ असलेल्या माणसाला भस्म सुचवता? त्यात शिसं किंवा पारा निघाला तर काय करायचं?

धागाकर्ते, मी डायलिसिसवर आहे. ही तक्रार आमच्या युनिटमध्ये निम्म्याअधिक जणांना असेल, फक्त एकमेकांना सांगत कोणी नाही. आईला फाइलची झेरॉक्स काढायला खाली पाठवा. पाच मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.

अंतःस्राव:
हार्मोनच्या विभागात बरीच वर्षं काम केलंय, त्या जोरावर लिहितो. शेवटी तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवा.

"संबंध नाही" हे साफ चूक. किडनी मंदावली की प्रोलॅक्टिन (बायकांना दूध आणणारं, पुरुषांतही थोडं असणारं हार्मोन) शरीराबाहेर नीट जात नाही आणि रक्तात साठतं. ते मेंदूकडून वृषणांना जाणारा आदेश दाबून टाकतं. वर युरिमियामुळे, म्हणजे रक्तात साठलेल्या घाणीमुळे, वृषणांचीही त्या आदेशाला दाद देण्याची ताकद कमी झालेली असते. म्हणून किडनीच्या पुरुष पेशंटमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी सापडणं अजिबात नवलाचं नाही. पण आकडा कमी आहे म्हणजे लगेच सुई टोचायची, असं होत नाही.

पहिली गोष्ट, संध्याकाळच्या एका नमुन्यावर निदान करतच नाहीत. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरतं, जेवणानंतरही घटतं. सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासायचं. सोबत एलएच (मेंदूकडून वृषणांना जाणारा तोच आदेश), प्रोलॅक्टिन, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं प्रथिन), पीएसए (प्रोस्टेटची तपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण).

दुसरी, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू जवळजवळ शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकदा परत येतात, पण महिने जातात. दुसरं मूल हवंय का, हे त्या डॉक्टरांनी विचारलं होतं?

किडनीबद्दल. २०२३ साली 'ट्रॅव्हर्स' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष, टेस्टोस्टेरॉनचं जेल विरुद्ध औषध नसलेलं खोटं जेल. हार्ट अटॅक, पक्षाघात वाढले नाहीत. पण जेलवाल्या गटात अचानक किडनी बिघडणं, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे जास्त दिसलं. ते सगळे किडनीचे पेशंट नव्हते, म्हणून आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू करू नका. मात्र दुर्लक्षही नको. शिवाय याने अंगात मीठ-पाणी धरलं जातं. तुमचं बीपी आधीच हट्टी आहे.

रक्ताचं वेगळंच. एरिथ्रोपोएटिन यायच्या आधी डायलिसिसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन वाढवायला नँड्रोलोनसारखी पुरुषी हार्मोनं टोचायचे. म्हणजे तुम्ही एकाच कामाची दोन औषधं घेणार. पुढेमागे टेस्टोस्टेरॉन सुरू झालंच तर एरिथ्रोपोएटिनचा डोस कमी करावा लागेल, हे नेफ्रॉलॉजिस्टला आधीच माहीत हवं. हिमॅटोक्रिट ५४च्या वर गेलं तर औषध थांबवतात.

आणि हो, क्रिएटिनिन थोडं वाढलं तर ते स्नायू वाढल्यामुळेही असू शकतं. तेव्हा सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) करून बघतात.

एक विचारतो: ॲसिडिटी, मळमळ यासाठी काही घेता का?

धागाकर्ता:
एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. नाही हो, मुलाबद्दल कोणी विचारलंच नाही.

रोज सकाळी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल घेतो. फॅमिली डॉक्टरांनी मळमळीसाठी दिली होती, मग चालूच राहिली.

अंतःस्राव:
वाटलंच. डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं, तशाच कामाचं लेवोसल्पिराइडही. आपल्याकडे ॲसिडिटीच्या गोळीसोबत यांची जोडी चण्याफुटाण्यासारखी दिली जाते आणि वर्षानुवर्षं कोणी बंद करत नाही. किडनीमुळे प्रोलॅक्टिन आधीच वर, त्यात ही भर. नेफ्रॉलॉजिस्टना विचारून ती कॅप्सूल बंद होते का बघा, आणि झाली तर काही दिवसांनी प्रोलॅक्टिन करा. फरक पडलाच पाहिजे असं नाही, पण इंजेक्शनाआधी हे बघायलाच हवं. थकव्यासाठी लोह, थायरॉइड, बी-१२ बघितलंय ना? हिमोग्लोबिन १०.४ला मांड्या भरून येणं एकट्या टेस्टोस्टेरॉनच्या माथी मारता येणार नाही.

मनगटी:
माझं ट्रान्सप्लान्टसाठी यादीत नाव आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, नवी किडनी नीट चालली तर बऱ्याच जणांचं टेस्टोस्टेरॉन आपोआप सुधारतं. म्हणून मी थांबलोय. ताठरतेसाठीच्या गोळीबद्दल स्वतंत्र विचारा, ती किडनीच्या पेशंटलाही कमी डोसात देतात. फक्त छातीदुखीची नायट्रेटची गोळी चालू असेल तर चुकूनही नको.

धागाकर्ता:
लोह, थायरॉइड झालंय, बी-१२ राहिलंय. नायट्रेट नाही. पुढची तारीख जवळच आहे, तेव्हा झेरॉक्सची युक्ती करतो. :) प्रोलॅक्टिनलाही उपाशीपोटीच जायचं ना?

अंतःस्राव:
हो, एकाच सुईत सगळं होईल. लॅबमध्ये पोचल्या पोचल्या हात पुढे करू नका, जरा वेळ शांत बसा. धावपळीत, ताणात प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसतं.

मनगटी:
आणि डावा हात देऊ नका (डावखुरे असाल तर उजवा). पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडणं) करायची वेळ आली तर त्या शिरा लागतील. दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने रक्त घ्यायला सांगा. लॅबवाला कुरकुरेल, तरी तिथूनच घ्यायला लावा.