लंबर ड्रेन सर्वांना घालावा का?

न्यूरोसर्जन (मूळ मत): नाकावाटे दुर्बिणीने कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया करताना ड्यूराला (मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाला) छिद्र पडले आणि नंतर तेथून मेंदूभोवतालचा द्रव गळू लागला, की नाकातील जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते. म्हणून छिद्र मोठे आणि प्रवाह जोराचा असेल, तर कमरेत लंबर ड्रेन (पाठीच्या कण्यातून हा द्रव बाहेर काढणारी बारीक नळी) घालून तीन दिवस ताशी १० मिलिलिटर द्रव काढावाच, असे माझे ठाम मत आहे. पिट्सबर्गच्या यादृच्छिक चाचणीतील अशा १७० रुग्णांपैकी ड्रेन घातलेल्यांत गळती ८.२ टक्के, तर न घातलेल्यांत २१.२ टक्के आढळली.

कान-नाक-घसा शल्यचिकित्सक: आकडे मान्य, पण त्यांवरून सरसकट नियम करणे मला पटत नाही, कारण त्याच चाचणीत सेलाच्या (कवटीच्या तळातील, पिट्युटरी ग्रंथी बसते त्या खोबणीच्या) वरच्या भागातील छिद्रांमध्ये ड्रेनचा फायदा ठळकपणे दिसला नाही. गळती खरी आटोक्यात आली ती २००६ मध्ये वर्णन झालेल्या, नाकाच्या पडद्याच्या रक्तवाहिनीसह उचललेल्या फ्लॅपमुळे, म्हणजे छिद्रावर पसरायच्या श्लेष्मल आवरणाच्या पट्टीमुळे. फ्लॅपखालच्या हाडावरचे श्लेष्मल आवरण कडेपर्यंत खरवडून काढले नाही, तर फ्लॅप हाडाला चिकटत नाही आणि द्रव कडेने वाट काढतो. ही कसर कमरेतील नळी भरून काढणार नाही. शिवाय द्रव अति निघाला तर नाकातून हवा कवटीत ओढली जाते.

न्यूरोसर्जन: पिट्युटरीच्या साध्या शस्त्रक्रियेत बारीक झिरप असेल, तर मीही ड्रेन घालत नाही. मात्र क्लायव्हसमधील (कवटीच्या तळाच्या मागच्या, उतरत्या हाडातील) मोठे छिद्र, रुग्णाचा लठ्ठपणा किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत फ्लॅपसाठी वापरून झालेला नाकाचा पडदा समोर असताना केवळ फ्लॅपच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

अतिदक्षता विभागातील परिचारिका: दोघांच्याही बोलण्यात रुग्णाच्या खाटेजवळचा भाग राहून गेला आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ड्रेन चालू असताना खाटेचा डोक्याकडचा भाग उचलला आणि नळी आधी बंद केली नाही, तर काही मिनिटांत तासाभराचा द्रव निघून जातो व रुग्ण डोके धरून बसतो. नाक न शिंकरणे, शिंक आली तर तोंड उघडून शिंकणे, शौचाला जोर करावा लागू नये म्हणून सारक औषध वेळेवर देणे, हे ड्रेन असो वा नसो, चुकता कामा नये. आणि पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा थेंब पडला, तर सर्दी म्हणून न पुसता तो बाटलीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिनच्या (मेंदूभोवतालच्या द्रवाची ओळख पटवणाऱ्या प्रथिनाच्या) तपासणीसाठी पाठवावा.