कपाट कोंबून भरलंय, दांडी वाकलीय. सुरुवात कुठून करावी?

दोन_दारी: कपाट दोन दारांचं. हँगरची दांडी ११० सेंमी, तिच्यावर ६४ हँगर. शेजारी चार उघडे कप्पे, खाली एक ड्रॉवर. दांडी मधोमध वाकलीय, एक शर्ट ओढला की तीन खाली येतात. टी-शर्टच्या चळती आठवड्याभरात कोसळतात. प्लास्टिकचे डबे आणि कप्प्यांत ठेवायच्या टोपल्या घ्यायचा विचार आहे. कोणत्या मापाच्या घ्याव्यात?

घडीमोड: टोपल्या आत्ता अजिबात घेऊ नका. आवरण्याआधी डबे आणले की नको असलेले कपडेच त्यात नीट लावून ठेवले जातात, आणि कपाट होतं तेवढंच भरलेलं राहतं.

आधी दांडीचा हिशेब करा. पातळ हँगरवरच्या शर्टाला साधारण अडीच सेंमी जागा लागते, जॅकेटला पाच, जाड कोटाला सात-आठ. ११० पैकी १५ सेंमी मोकळे ठेवा, नाहीतर हँगर सरकतच नाहीत. उरले ९५. आठ जॅकेटं असतील तर त्यांचे ४० गेले, राहिलेल्या ५५ मध्ये २२ शर्ट. म्हणजे तुमच्या दांडीची ताकद तिशीची आहे आणि तुम्ही तिच्यावर दुप्पट लादलंय. आता प्रश्न ‘काय काढू?’ असा राहत नाही. ‘कोणते तीस लटकवायचे?’ एवढंच ठरवायचं.

सगळं कपाट एकदम पलंगावर ओतू नका, रात्र झाली की ते तसंच परत कोंबलं जातं. एका बैठकीत एकच प्रकार घ्या: सगळे शर्ट, मग सगळ्या पँटी. ढीग चार करा: ठेवायचे, दुरुस्तीचे, द्यायचे, चिंध्या करायचे. दुरुस्तीच्या ढिगावर तारीख लिहा. तीन आठवड्यांत गुंडी लागली नाही की तो कपडा द्यायच्या ढिगात. द्यायची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. दाराशी ठेवलेल्या पिशवीतून कपडे परत आत येतात.

उलटा_हुक: शंका असलेल्या कपड्यांचे हँगर उलटे अडकवा, हुकचं तोंड आपल्याकडे करून. घालून झालं की सरळ. सहा महिन्यांनी जे उलटेच आहेत ते काढा. लोक हे लोकरीच्या कपड्यांनाही लावतात, ती चूक. हंगामी कपड्याला पूर्ण वर्ष द्या. समारंभाच्या कपड्यांना ही पद्धत लावूच नका, ते अंगात बसतात की नाही एवढंच बघा.

खुंटी_आणि_दांडी: वाकलेली दांडी उलटी फिरवून बसवायचा मोह होईल. आठवड्यात ती दुसऱ्या बाजूला वाकेल. मीटरभराच्या वरच्या दांडीला मधोमध वरून आधार हवाच. लांबी निम्मी झाली की वाकणं निम्म्याने नाही, दहा पटींहून जास्त कमी होतं. आधाराचा स्क्रू वरच्या फळीत जाणार, म्हणून तिची जाडी मोजा. १८ मिमीच्या फळीला १६ मिमीचा स्क्रू पुरे, त्याहून लांब टोक वर निघेल आणि कपडे फाडेल.

हँगर सगळे एकाच जाडीचे घ्या. मखमली हँगर पातळ असतात, कपडा घसरत नाही. पण ओला कपडा त्यावर टाकू नका, गडद रंग उतरतो. आणि विणलेले स्वेटर कधीच टांगू नका. स्वतःच्या वजनाने लांबतात आणि खांद्यावर हँगरच्या टोकाचे दोन फुगवटे राहतात.

दोन_दारी: हिशेब पटला. टी-शर्ट मात्र उभ्या घड्या करूनही पडतात.

घडीमोड: कारण तुमचे कप्पे उघडे आहेत. उभी घडी ड्रॉवरमध्ये टिकते, तिला चारी बाजूंनी भिंत लागते. टी-शर्ट पालथा पसरा, दोन्ही बाजू बाह्यांसकट मध्यावर आणा, लांब पट्टी होईल. गळ्याकडून खाली अर्धी घडी, मग तीन भागांत. टेबलावर उभी राहिली तर घडी बरोबर. कलंडली तर आत हवा राहिलीय, हाताने दाबून घ्या. उंची ड्रॉवरच्या आतल्या उंचीपेक्षा दोन सेंमी कमी. उघड्या कप्प्यात आडवीच चळत लावा, २५ सेंमीपेक्षा उंच नको. जीन्स तळाला.

आता टोपल्या घ्यायच्या तर कप्प्याची खोली आणि दाराच्या बिजागरीची आडकाठी दोन्ही मोजून घ्या. बिजागरीला अडून टोपली बाहेर न निघणं, ही नेहमीची फसगत.

कसर_नको: हंगामी कपडे ठेवण्याआधी धुवाच, स्वच्छ दिसत असले तरी. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात. घाम-तेलाचे डाग असतील तर सुती कपडाही कुरतडतात. सुती कपड्यांना स्टार्च करून ठेवू नका, झुरळं आणि चंदेरी किडे त्यावर येतात. ड्रायक्लीनिंगच्या प्लास्टिक पिशव्या लगेच काढा, आत दमटपणा अडकतो. हवा काढून घेणाऱ्या पिशव्या पिसांच्या जॅकेटला नकोत, पिसं दबली की ऊब जाते. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागतील तिथे नकोतच. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर मागे पाच सेंमी जागा सोडा, नाहीतर मागच्या फळीवर बुरशी धरते आणि वास सगळ्यात आधी कोटांना लागतो.